डायनासोरचे मागचे पाय

नानासो आमच्या नाटक कंपनीतला हत्ती होता. खरं सांगायचं तर अर्धा हत्ती, मागचा अर्धा.

पुढचा अर्धा म्हणजे इलियास. सोंड त्याच्या हातात, कान त्याच्या दोरीवर, आणि डोळ्यांच्या जागी लावलेल्या जाळीतून प्रेक्षक दिसायचे तेही त्यालाच. नानासो मागे कमरेत वाकून उभा. पोटाखाली ठेवलेल्या फटीतून त्याला दिसायची फक्त पायाखालची फळी. मी त्या नाटकात राणी. शेवटच्या अंकात हत्ती माझ्या गळ्यात हार घालायचा, गुडघा टेकून मुजरा करायचा आणि पावलापावलाने मागे सरत विंगेत जायचा. अठरा वर्षं नानासो माझ्यापासून चार हातांवर असायचा, पण भरजरी शालूतली राणी काही त्याने कधी पाहिली नाही. "बाई, मला तुमचं फकस्त पैंजण ठावं," असं म्हणून हसायचा.

साताऱ्यापासून जतपर्यंत जिथे जत्रा तिथे आमचा खेळ. आमचं नाटक लोक विसरायचे, पण हत्ती लक्षात ठेवायचे. पुढच्या वर्षी निमंत्रण द्यायला आलेली मंडळी राणीची चौकशी करायच्या आधी विचारायची, "हत्ती हाय न्हवं?" मला थोडा राग यायचा. पण हत्ती होताच तसा.

मागच्या पायांना काय अक्कल लागते, असं तुम्ही म्हणाल. अहो, सगळी अक्कल तिथेच. पुढचा माणूस सोंड हलवून टाळ्या घेतो. जनावर खरं की खोटं, हे मागच्या पायांवरून कळतं. नानासो देवळाच्या हत्तीमागे तासन्‌तास चालायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, ह्ये जनावर मागनं चालाय सुरवात करतंय. मागचा पाय उचलला की मगच पुढचा." मी इतकी वर्षं हत्तीशेजारी उभी होते, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

हत्तीच्या पोटात बोलता यायचं नाही, म्हणून दोघांमध्ये एक पट्टा असायचा. एक टोक इलियासच्या कमरेला बांधलेलं, दुसरं नानासोच्या मुठीत. एक झटका म्हणजे चल. दोन झटके म्हणजे थांब, खाली बघ. पुढे जाताना मालक इलियास. मागे सरताना मालक नानासो, कारण मागची फळी त्यालाच दिसायची.

बारा वर्षांपूर्वी जत तालुक्यातल्या एका गावात आमचा दिवसाचा खेळ होता. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून रंगमंच केलेला, मधल्या फटीवर फळ्या टाकलेल्या. गाव सीमेवरचं, निम्मे प्रेक्षक कानडी बोलणारे. हत्तीने मुजरा केला आणि सगळं मैदान ओरडायला लागलं, "इन्नोम्मे! इन्नोम्मे!" म्हणजे पुन्हा एकदा. हत्ती मागे सरत होता. एक फळी सरकली होती. नानासोने ती फट ओलांडली, आणि इलियासचा पाय तीत गेला. गुडघा मोडल्याचा आवाज मला सिंहासनावर ऐकू आला. हत्ती मध्येच वाकला. लोकांना वाटलं दुसरा मुजरा केला, आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी कंपनीचे मालक लालासाहेब यांनी नानासोला सगळ्यांसमोर विचारलं, "दोन झटके दिलेस का न्हाईस?"

नानासो बराच वेळ आपल्या मुठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आठवत न्हाई."

'दिले' म्हणाला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण त्याला खरंच आठवत नव्हतं. हाताला अठरा वर्षांची सवय. सवयीने केलेलं काम केलं की नाही, हे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? घराला कुलूप लावून चार पावलं गेल्यावर आपण परत येऊन ते ओढून बघतोच ना? नानासोला परत जाऊन बघता येत नव्हतं, एवढाच फरक. कंपनीने त्याच्या उत्तराचा एकच अर्थ घेतला. मीही तोच घेतला, हे इथे लिहून ठेवते.

मिरजेच्या दवाखान्यात तो मोसंबी घेऊन गेला. इलियासने भिंतीकडे तोंड केलं आणि काही केल्या वळला नाही. नानासो मोसंबी खाली ठेवून निघून आला. त्यानंतर दोघांची गाठ पडली नाही. इलियासचा गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. शिवणकाम हातात होतं म्हणून कुपवाडला गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान त्याने टाकलं. नानासो इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी, भावाच्या उसात. हत्ती कुठल्याशा माळ्यावर कसर लागून संपला.

वर्षातून एकदा-दोनदा नानासो मला सांगलीत भेटायला यायचा. चहा संपला की त्याचं ठरलेलं वाक्य, "बाई, मी ओढलं असतं तर..." मी विषय बदलायची. तो बशीत बोट फिरवत बसायचा. बारा वर्षं हा माणूस त्या एका प्रश्नापाशी थांबला होता: झटका दिला होता की नाही? हे सांगू शकणारा माणूस जगात एकच, आणि त्याने तोंड फिरवलेलं.

यंदा पावसाळ्यानंतर मला एक फोन आला. नानासोच्याच गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या दीपमाला मॅडम. सांगलीला शाळांची विज्ञान नाटकांची स्पर्धा होती आणि त्यांनी नाटक लिहिलं होतं: डायनासोर मेले नसते तर. मुलांना उभं राहायला, बोलायला शिकवाल का, असं विचारत होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी तालमीला बोलावतंय म्हटल्यावर मी दुसरी बस पकडते का? पहिल्याच बसने गेले. आणि जाताना मनाशी ठरवलं की जनावर करायचं असेल, तर त्या गावात कुणाला बोलवायचं हे मला माहीत आहे.

शिक्षकांच्या खोलीत नानासो अंग चोरून बसला होता. त्याची नात क्रांती नववीत, ती त्याच्या खुर्चीमागे उभी. मॅडम समजावून सांगत होत्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून दहा-बारा किलोमीटर रुंदीचा एक दगड मेक्सिकोजवळ पडला. धूळ उडाली, ऊन बंद झालं, झाडं वाळली, मोठाले डायनासोर उपाशी मेले. त्या वेळी आपले पूर्वज उंदराएवढे होते आणि बहुतेक अंधारातच बाहेर पडायचे. मोठे गेले, जागा मोकळी झाली, म्हणून हे छोटे वाढले. तो दगड चुकला असता, तर ते कदाचित बिळातच राहिले असते. माणूस झालाच नसता.

"म्हंजी मॅडम," नानासोने विचारलं, "ऊस न्हाई?"

"ऊस कोण लावणार?"

"कारखाना न्हाई, चेअरमन न्हाई, इलेक्शन न्हाई?"

"काहीच नाही."

"लय ब्येस," नानासो म्हणाला. क्रांतीने त्याला पाठीमागून ढोसलं.

मॅडमचं नाटक गमतीचं होतं. दगड चुकलेल्या जगातली डायनासोरांची शाळा. वर्गात गुरुजी विचारतात, "समजा, तो दगड पडला असता तर?" एक विद्यार्थी बिळातल्या उंदराकडे बोट दाखवून म्हणतो, "गुरुजी, मग हे वाढले असते, दोन पायांवर चालले असते, कपडे घातले असते, त्यांनी शाळा काढल्या असत्या." सगळा वर्ग गडगडा हसतो. गुरुजी म्हणतात, "बाळ, कल्पना करावी, पण इतकी करू नये."

नानासो हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मॅडमनी गुरुजींचं चित्र पुढे ठेवलं. मोठ्या डोक्याचा, ताठ उभा, हिरवा माणूसच. खांदे माणसाचे, हात माणसाचे, शेपूट नाही. असं चित्र पूर्वी एका शास्त्रज्ञाने कल्पनेने केलं होतं, त्यावरून काढलंय, असं त्या म्हणाल्या. साईराज नावाचा उंच मुलगा हिरवा झगा घालून ते काम करणार होता.

नानासोचं हसू थांबलं. त्याने चित्र आडवं धरलं, उभं धरलं.

"शेपूट कुटं गेलं?"

"हुशार झाल्यावर सरळ उभा राहिला ना तो. मग शेपटीचं काय काम?"

"मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. पर ह्ये तोंडावर पडंल." तो उठला आणि खोलीतली जळमटं झाडण्याची काठी घेऊन खांद्यावर आडवी धरली. "ही कावड. फुडं डोस्कं, मागं शेपूट, मधी पाय. मागचं वझं काढलं की फुडचं खाली. इतकी वरसं ज्यानं आडवं अंग तोललंय, त्यो शाणा झाला म्हणून उभा का ऱ्हाईल? शाणा झाला तरी त्यो त्येच्यावानीच शाणा हुईल. माणसावानी का व्हावं त्येनं? माणूस त्येनं बगितलाय कुटं?"

मॅडमनी चित्र आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सिद्ध करून दाखवा."

दुसऱ्या तालमीला मी गेले तेव्हा नानासोच्या अंगणात निम्मी शाळा जमली होती. पक्षी हेच डायनासोरांचे जिवंत राहिलेले वंशज, हे मॅडमनी त्याला सांगितलं होतं. झालं. नानासोने आपली एक धिप्पाड कोंबडी धरली आणि तिच्या पाठीमागे ज्वारीच्या ताटाचा हातभर तुकडा सुतळीने, न काचेल असा, बांधला. कोंबडी आधी दोनदा गोल फिरली, तिने स्वतःच्या शेपटीकडे संशयाने पाहिलं, आणि मग चालायला लागली.

चाल बदलली होती. एरवी कोंबडी गुडघ्यातून चालते, लगबगीने. ही आता मांडीपासून पाय टाकत होती, लांब लांब, संथ, डोकं पुढे काढून. त्या पक्ष्याच्या जागी काहीतरी फार जुनं चालत होतं.

"बगा," नानासो म्हणाला, "मागचं वाडलं की चाल बदलती."

मॅडमच्या डोळ्यांत चमक आली. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या पिल्लांना खोट्या शेपट्या लावून अगदी हाच प्रयोग केला होता, असं त्यांनी आदल्या दिवशीच वाचलं होतं. आणि माणसासारखा दिसणारा तो हिरवा डायनासोर इतर अनेक शास्त्रज्ञांनाही पटला नव्हता, हेही. हिरवा झगा तिथल्या तिथे रद्द झाला. नवं जनावर आडवं, लांब मानेचं, आठ फुटी शेपटीचं. पुढे साईराज. शेपटीत क्रांती, कारण एवढी शेपूट आतून कुणी सांभाळल्याशिवाय वळणार नव्हती.

"म्हंजी माजं त्वांड दिसणारच न्हाई?" क्रांती कुरकुरली.

"माजं अठरा वरसं दिसलं न्हाई," आजोबा म्हणाले, "काय बिगडलं? दाडी कराय लागत न्हवती."

सांगाडा बांबूचा गावात झाला. पण कातडं? वाकेल पण मोडणार नाही अशी मान आणि वळेल पण लोंबणार नाही अशी शेपूट शिवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आमच्या हत्तीची सोंड ज्याने शिवली होती, त्याचं नाव आम्ही दोघंही घेत नव्हतो. शेवटी मीच घेतलं.

"बाई, त्यो मला दारात उभा करायचा न्हाई."

"मग मी उभी राहीन. तू माझ्या मागे उभा राहा. तुला सवय आहे."

कुपवाडच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लेथचे आवाज, शिफ्ट सुटलेली, मोटारसायकलींची गर्दी. दुकानात इलियासचा मुलगा रिजवान मशिनवर होता. मी नाव सांगितलं. तो आत गेला, बाहेर आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "अब्बा न्हाईत. सांगलीला गेलेत."

आतल्या दाराशी चपला होत्या. चपलांशेजारी काठी भिंतीला टेकवलेली. काठीशिवाय इलियास सांगलीला जाणं शक्य नव्हतं. मी नानासोकडे पाहिलं. त्यानेही काठी पाहिली होती. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने मशिनशेजारी ठेवला. शेपटीची मापं आणि क्रांतीच्या हातचं चित्र.

"त्येन्ला म्हणावं, शाळंचं काम हाय. माजं न्हाई," तो म्हणाला आणि माझी वाट न बघता रस्त्याला लागला. मला अपराधी वाटत होतं. जखम बरी नाही तर निदान सुकलेली होती, तिची खपली मी नखाने काढली होती.

आठ दिवसांनी रिजवान टेंपोतून माल घेऊन आला. काय काम होतं ते! राखाडी रेक्झिनवर खवल्यांच्या शिवणी, मानेला आतून वाणसामानाच्या डब्यांच्या कड्यांसारख्या रिंगा, शेपटीत फोमचे तुकडे मणक्यासारखे एकापुढे एक. मुलं नुसती हात फिरवत राहिली. नानासो शेपटीच्या आत शिरला, बघायला. आणि बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"काय झालं?"

त्याने हात आत घालून बाहेर ओढला. पट्टा. पुढच्याच्या कमरेपासून मागच्याच्या मुठीपर्यंत, पक्का शिवलेला, हत्तीत होता तसाच. आम्ही दिलेल्या कागदावर पट्टा नव्हता.

"टोमणा मारलाय बाई त्येनं मला," नानासो हळूच म्हणाला. "आता तरी ओढ म्हणून."

मी म्हटलं, "तालीम घेऊ." रंगमंचावरच्या माणसाला दुसरं औषध माहीत नसतं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधीची तालीम. दुपारची वेळ, शाळेच्या सभागृहाच्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं. डायनासोर गुरुजी पुढे छान जायचे, पण मागे सरताना साईराज प्रत्येक वेळी अडखळायचा, कारण शेपटीतली क्रांती पट्टा ओढायला विसरायची. चौथ्यांदा तो बाकावर आपटला तेव्हा नानासो ओरडला. मी त्याला अठरा वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं.

"थांबीव त्येला! मागचं तुला दिसतंय, त्येला न्हाई!"

क्रांती शेपटीतून बाहेर आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. "एवडं काय आजोबा? आपटला तर आपटला."

नानासो खाली बसला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. दोन ट्रॉल्या, सरकलेली फळी, गुडघा. घरात कुणालाच त्याने हे सांगितलेलं नसावं, कारण ती हळूहळू त्याच्याजवळ येऊन बसली.

"मग तुमी ओढलं न्हवतं का?"

"तेच तर ठावं न्हाई गं मला. बारा वरसं झाली, रोज हात आठवतोय. कवा वाटतं ओढलं, कवा वाटतं न्हाई. मी ओढलं असतं तर त्या माणसाचा पाय आज धड असता."

"ओढलं व्हतंस की."

आवाज दारातून आला. इलियास उभा होता. दाढी पांढरी झालेली, काठीवर भार, मागे रिजवान. शेपूट नीट बसली का ते बघायला आलो, असं तो पुढे म्हणाला, पण ते कुणी ऐकलं नाही.

नानासो उठला नाही. त्याने फक्त विचारलं, "किती?"

"दोन."

"नीट?"

"नीट म्हंजी? पट्टा कमरंत रुतला व्हता माज्या. दोन झटकं. थांब, खाली बग." इलियास दोन पावलं आत आला. "तिकडनं 'इन्नोम्मे' म्हणून वरडाय लागलं, आन मला ऱ्हावलं न्हाई. म्हटलं, अजून एक मुजरा करावा. तुजा झटका आला तवा पाय वर व्हता माजा. थांबवला असता तर थांबला असता. मी न्हाई थांबवला."

नानासोने मान वर केली.

"मग दवाखान्यात?"

"लालासाहेब सांगून गेलेलं, नानासोनं कबूल केलं म्हणून. मला वाटलं, ह्यो खुळा असा कसा? न केलेलं कबूल का करतोय? मग तू मोसंबी घिऊन आलास. तुज्याकडं बगायची लाज वाटली. म्हटलं उद्या सांगतो. मग म्हटलं पाय बरा झाल्यावर सांगतो. मग तू कंपनीतनं गेलास. मग आता कुठल्या तोंडानं सांगू." त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "परवा दुकानात आलास तवा आतच व्हतो मी."

"काठी बगितली मी."

"तुला तर खालचंच दिसतंय."

नानासो हसला नाही. तो पुढे वाकला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याच्या छातीतून एक श्वास बाहेर आला. इतका लांब, की तो कधी संपतो याची मी वाट पाहत राहिले. बारा वर्षांत इतका मोठा श्वास त्याने टाकला नसावा. मग हात खाली आले. डोळे ओले होते, पण चेहरा मला एकदम ओळखीचा वाटला. तिशीतला नानासो.

"दोन झटकं," तो क्रांतीला म्हणाला. "ऐकलंस? नीट दिलं व्हतं."

"ऐकलं की."

"गाढवा!" आता तो इलियासवर उखडला. "बारा वरसं! बारा वरसं माजी भाकर गोड लागली न्हाई! आन वर पट्टा शिवून धाडतोस व्हय रं?"

"पट्टा न्हाई तर शेपटीतल्या पोरीनं फुडच्याला सांगायचं कसं? तुमी कागदावर लिवायचं इसरला. मला वाटलं, तुला कळंल."

"मला वाटलं टोमणा हाय!"

"टोमणा मारायचा असता तर लाल रेक्झिनचा शिवला असता, लांबनं दिसंल असा," इलियास म्हणाला, आणि मग त्याचा आवाज फुटला. "मी तवाच बोललो असतो तर तू कंपनीत ऱ्हायला असतास गड्या."

"ऱ्हायलो असतो. अजून हत्तीच्या पोटात असतो. लय उकडतंय तिथं." नानासोने हात पुढे केला. "बस हितं. गुडगा वाकत न्हाई न्हवं? मग पाय लांब करून बस. कुणाला काय म्हणायचंय?"

इलियास बसला. मीही गेले त्यांच्याकडे. मलाही काही बोलायचं होतं. त्या दिवशी मीही 'आठवत न्हाई'चा सोयीचा अर्थ घेतला होता, हे मी नानासोला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमी सिंहासनावर व्हता. तिथनं फळी दिसत न्हाई." आणि विषय संपवला. इतक्या सहज माफी मला कुठल्याच नाटकात मिळाली नव्हती.

मॅडमनी मुलांना चहा-बिस्किटं आणायला पाठवलं, म्हणजे खरं तर डोळे पुसायला वेळ काढला. चहा पिताना नानासो त्यांना म्हणाला, "मॅडम, त्यो तुमचा दगड पडला ते ब्येसच झालं. न्हाईतर ह्यो इलियास आन मी उंदीर असतो. बिळात शेजारी शेजारी बसून शेंगा खाल्ल्या असत्या, पर ह्यो बोलला नसता."

"उंदीर बोलत न्हाईत," क्रांती म्हणाली.

"ह्यो माणूस असून बोलला न्हाई!"

स्पर्धेच्या दिवशी सांगलीच्या सभागृहात दोघं म्हातारे तिसऱ्या रांगेत बसले होते, मी त्यांच्या शेजारी. दोघांनीही इस्त्रीचे कपडे घातले होते आणि दोघांनाही हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. जनावराला बाहेरून बघण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पडदा उघडला. विंगेतून आधी डोकं आलं, मग मान, मग ती संथ, मांडीपासून टाकलेली पावलं, आणि मागून वळत वळत शेपूट. मागच्या रांगेत एक लहान मूल रडायला लागलं. इलियासने समाधानाने मान हलवली.

"असं दिसतंय व्हय रं बाहेरनं?" नानासो कुजबुजला.

"मला काय इचारतोस? मी तरी कुटं बगितलंय?"

उंदराच्या वाक्याला सभागृह खदखदून हसलं. शेवटी परीक्षक रंगमंचावर आले आणि एकाने विचारलं, "हुशार डायनासोर माणसासारखा उभा न दाखवता असा आडवा, शेपटीसकट दाखवलात. ही कल्पना कोणत्या पुस्तकातून घेतली?"

क्रांती शेपटीतून बाहेर येत म्हणाली, "कोंबडीतनं, सर."

आमचा नंबर दुसरा आला. पहिल्या आलेल्या शाळेने दात घासण्यावर नाटक केलं होतं. तेही चांगलं होतं, मी उगाच नावं ठेवणार नाही.

मुलं शाळेच्या गाडीने गेली. रिजवानने आपली व्हॅन आणली होती. तो नानासोला गावी पोचवणार होता आणि मला वाटेत सांगलीवाडीला सोडणार होता. मी पुढे बसले. मागच्या सीटवर इलियास पाय लांब करून, आणि उरलेल्या जागेत नानासो. गाडी सुरू झाली तेव्हा नानासो शेपटीच्या तिसऱ्या वळणाबद्दल काहीतरी सांगत होता; तिथे फोम कमी पडला, असं त्याचं म्हणणं. इलियास म्हणत होता, कमी पडला नाही, पोरीने दाबला. कृष्णेच्या पुलावर आलो तेव्हा मागचा आवाज थांबलेला होता.

मी वळून पाहिलं. नानासो झोपला होता. तोंड उघडं, टोपी सरकलेली, हाताची मूठ सुटून तळवा सीटवर उताणा पडलेला. त्याचं डोकं घसरत जाऊन इलियासच्या त्याच, न वाकणाऱ्या पायावर टेकलं होतं.

"दुखत असेल ना रे पाय?" मी विचारलं.

"दुखतोय की," इलियास म्हणाला. "झोपू दे त्येला." आणि त्याने पुढे वाकून रिजवानच्या खांद्याला बोट लावलं. "हळू घे रं."